वीसला एक : कोल्हापूरच्या घाटवाटांची गोष्ट

२०२४ च्या डिसेंबरात आम्ही काही शिक्षक आणि अकरावीची मुले कोल्हापूरहून गगनबावड्याला सायकलींवरून गेलो. अंतर सुमारे ५५ किलोमीटर. करूळ घाटाचे रुंदीकरण चालू असल्याने तो वाहतुकीला बंद होता, अवजड गाड्या दुसऱ्या घाटांनी वळवल्या होत्या. त्यामुळे एरवी ट्रक आणि एस. टी. यांच्या धाकाने कडेच्या मातीतून सायकल न्यावी लागते, तो रस्ता बराचसा मोकळा मिळाला. शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंना झाडी, मधूनच एखादा धनेश, आणि ऐकू येणारा आवाज फक्त साखळीचा.

निघण्यापूर्वी मुलांनी मनाची तयारी केली होती ती सह्याद्री चढण्याची. थोडे चढउतार सोडले तर तसा चढ काही आलाच नाही. बावडा गाव मागे पडले आणि एका वळणावर समोरची जमीनच संपली. खाली कोकण पसरलेले. एका मुलीने विचारले, "सर, डोंगर चढायचा राहिलाच की! आणि आता नुसता उतारच?"

प्रश्न चांगला होता. त्यातून पुढे दुसरा निघाला : या उताराला रस्ता कोणी काढला, आणि कोणासाठी? या लेखात आपण त्याचेच उत्तर शोधू या. ते उत्तर पुस्तकात जेवढे आहे, तेवढेच रस्त्याच्या चढातही आहे.

डोंगर नव्हे, पायरी

सह्याद्रीला आपण डोंगररांग म्हणतो. पण कोल्हापूरकडून पाहिले तर ती पठाराची पश्चिमेकडची तुटलेली कड आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार बनले. त्याची पश्चिम बाजू खचली, झिजली आणि कडा तयार झाला. कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास आहे. घाटमाथ्यावरची गावे साधारण सहाशे-सातशे मीटरांवर. म्हणजे ५५ किलोमीटरांत चढायचे ते शे-दीडशे मीटर. उलट घाटाच्या पायथ्याची कोकणातली गावे शंभर मीटरांच्या आतबाहेर. पाचशे मीटरांची पायरी ती एवढ्याशा अंतरात.

घाटमाथ्यापर्यंत नेणाऱ्या वाटाही नद्यांनी आधीच आखून ठेवल्या आहेत. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या मिळून पंचगंगा होते, हे कोल्हापूरच्या शाळेत सगळ्यांना पाठ असते. नकाशा घेऊन पाहा. कासारीच्या खोऱ्यातून वर गेलो की विशाळगडाचा परिसर येतो, कुंभीच्या खोऱ्यातून गगनबावडा, भोगावतीच्या खोऱ्यातून राधानगरी, दाजीपूर आणि पुढे फोंडा घाट. जिथे नदीचे खोरे कड्याला भिडते, तिथेच जवळपास घाटाची वाट सापडते. माणसांनी आणि बैलांनी नद्यांचा माग उलटा काढला, असे म्हणायला हरकत नाही.

बैलाच्या पाठीवरचा घाट

कोकणातल्या बंदरांतून मीठ, नारळ, सुकी मासळी आणि परदेशी माल वर येई. देशावरून धान्य, गूळ, कापूस, कापड खाली जाई. राजापूर हे त्यांतले मोठे बंदर. सतराव्या शतकात इंग्रजांची वखार तिथे होती, यावरूनच त्याचे महत्त्व कळते. राजापूरहून वर येणारी एक वाट अणुस्कुऱ्याची. तिथल्या जुन्या पायवाटेवर आजही दगडी फरसबंदी दिसते.

हा माल नेत ते लादणीचे बैल. लमाणांचे तांडे गोण्या लादून घाट चढत-उतरत. एका बैलाच्या पाठीवर साधारण शंभर किलो ओझे. बैलाला चार पाय असतात, चाक नसते. त्यामुळे वाट अरुंद असली, पायऱ्यांची असली, पाचाला एक इतकी उभी असली तरी चालत असे. ('पाचाला एक' म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर.) अशा वाटा सोंडेवरून जवळजवळ सरळ वर जातात. कमी अंतर, जास्त चढ.

वाट आली की जकात आली आणि जकात आली की पहारा आला. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनकाळातला लेख आहे, तसा पुरावा सगळीकडे नाही. पण कोल्हापूरच्या घाटांवर गड आहेत. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस यांतले बरेच बांधले, असे मानले जाते. बावड्याच्या वाटेवर गगनगड, दाजीपूरजवळ फोंडा घाटाच्या डोक्यावर शिवगड, आंबा आणि अणुस्कुरा यांच्या मधल्या मुलखात विशाळगड. गडांची यादी पाठ करण्यापेक्षा ती घाटांच्या नकाशावर मांडून पाहिली, तर गड तिथेच का, हे मुलांना आपोआप उमगते.

एक वाट, दोन पावसाळे

वाट कोणासाठी आहे, यावर सगळे कसे अवलंबून असते, याचे उदाहरण पन्हाळा आणि विशाळगड यांच्या दरम्यानच घडले आहे.

१६६० चा जुलै. सिद्दी जौहरचा वेढा फोडून शिवाजी महाराज १२ जुलैच्या रात्री सुमारे सहाशे मावळ्यांसह पन्हाळ्यावरून निघाले. मसाई पठार ओलांडून, रानातून, चिखलातून ते दुसऱ्या दिवशी विशाळगडावर पोहोचले. मागे घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे लढले. अंतर साठ किलोमीटरांच्या आसपास. लागलेला वेळ एक रात्र आणि पुढचा दिवस.

१७०२ चा जून-जुलै. औरंगजेबाने विशाळगड, म्हणजे त्या वेळचा खेळणा, सहा महिन्यांच्या वेढ्यानंतर ताब्यात घेतला आणि फौज पन्हाळ्याकडे परत निघाली. हत्ती, उंट, तोफा, तंबू, बाजार, सगळे बरोबर. ओढे भरलेले, माती निसटती. सुमारे ५० किलोमीटर जायला या फौजेला ३८ दिवस लागले. दिवसाला सव्वा किलोमीटर! वाटेत माणसे आणि जनावरे किती मेली, त्याला सुमार नाही.

मुलूख तोच, पाऊसही तसाच. पायी माणसाला जी वाट होती, ती तोफेच्या चाकाला आणि हत्तीच्या पायाला वाट नव्हती.

हे त्या काळच्या राज्यकर्त्यांना चांगले ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त (इ. स. १७१५ च्या सुमारास) गडाचा मार्ग सुगम ठेवू नये, असेल तर तो मोडावा आणि झाडी वाढवावी, असा उपदेश आहे. हे पंत अमात्य बावड्याचे, म्हणजे आपण ज्या गगनबावड्याला सायकलीने आलो तिथलेच. अवघड वाट आणि दाट रान ही राज्याची संपत्ती आहे, असे मानणारा तो काळ होता. घाटमाथ्यावरच्या रानाला त्या काळी या विचाराचेही संरक्षण होते.

चाक आले, वळणे आली

१८१८ नंतर हा हिशेब उलटा झाला. नव्या सत्तेला गड नको होते, रस्ते हवे होते. १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांनी उठाव केला. तो मोडल्यावर अनेक गडांची तटबंदी पाडण्यात आली. दुसरीकडे घाटांमध्ये बैलगाडीचे रस्ते होऊ लागले. पुणे आणि मुंबई यांच्यामधल्या बोरघाटात गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. पुढच्या काही दशकांत दक्षिणेकडचे फोंडा, आंबा, आंबोली हे घाटही गाड्यांना खुले झाले.

गाडी आली म्हणजे नेमके काय बदलले? थोडे गणित करू या. गाडी आणि माल मिळून १,००० किलो वजन धरू. खडीच्या रस्त्यावर नुसती ओढायला त्याच्या साधारण तीन टक्के, म्हणजे ३० किलो वजनाइतका जोर लागतो. वीसला एक चढ असेल तर वजनाचा विसावा भाग, म्हणजे आणखी ५० किलो. एकूण ८०. धडधाकट बैलजोडी बराच वेळ टिकवू शकते तो जोर तिच्या वजनाच्या दहा-बारा टक्के, म्हणजे सुमारे ७० ते ९० किलो. जमले. आता चढ दहाला एक करा. लागणारा जोर होतो १३०. बैल थोडे अंतर जीव तोडून ओढतील आणि थांबतील. पाचाला एक या जुन्या तांड्याच्या वाटेवर तो २३० होतो. तिथे गाडीचा प्रश्नच येत नाही.

म्हणून गाडीरस्त्याला वळणे घ्यावी लागली. पाचशे मीटर उतरायचे आणि चढ वीसला एक ठेवायचा, तर रस्ता लागतो दहा किलोमीटर. करूळसारख्या घाटाची लांबी दहा किलोमीटरांच्या आसपास असणे हा योगायोग नाही. आजही डोंगराळ भागातल्या रस्त्यांसाठी आपल्याकडे वीसला एक हाच सर्वसाधारण चढ मानतात. इंजिनाच्या ताकदीला यापेक्षा उभा रस्ता चालला असता. पण पायंडा पडला तो बैलाच्या छातीच्या मापाने.

रेल्वेला तर याहून सौम्य चढ लागतो. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली तेव्हा सर्वांत उभा चढ ३७ ला १ होता आणि तोही अतिशय कठीण समजला गेला. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली, ती मिरजेकडून. कोकणात ती उतरली नाही. मात्र गूळ आणि कापूस मिरजेमार्गे मुंबईला जाऊ लागल्यावर कोकणातल्या जुन्या बंदरांचे महत्त्व घटत गेले आणि घाटवाटांवरच्या तांड्यांचे कामही संपत आले.

सायकलीचे माप

याच सुमारास, १८८५ मध्ये, इंग्लंडात दोन सारख्या चाकांची आणि साखळीची 'सेफ्टी' सायकल बाजारात आली. १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेला टायर केला. पुढे ती आपल्याकडे येऊन दूधवाल्याची, पोस्टमनची, गिरणी कामगाराची आणि मास्तरांची गाडी झाली. पंचगंगेकाठच्या गावांतून दुधाच्या किटल्या लावून शहरात येणाऱ्या सायकली जुन्या वाचकांना आठवत असतील.

सायकलस्वाराला कोणता चढ झेपतो? निरोगी तरुण माणूस तास-दोन तास टिकवू शकतो ती शक्ती साधारण १०० वॅट. माणूस आणि सायकल मिळून ७५ किलो धरले, तर वजन ७३५ न्यूटन. १०० ला ७३५ ने भागा : सेकंदाला ०.१३६ मीटर, म्हणजे तासाला सुमारे ४९० मीटर उंची. घर्षण जमेस धरले तर पाचशे मीटरांचा घाट चढायला सव्वा तास. हा वेळ चढाच्या तीव्रतेवर अवलंबून नाही, हे मुलांना आधी पटत नाही. म्हणून हे गणित त्यांच्याकडून करून घ्यावे.

मग तीव्रतेने फरक कशात पडतो? वेगात. घर्षण सोडले तर वीसला एक चढावर ताशी सुमारे १० किलोमीटर मिळतात. दहाला एकवर ५. पाचाला एकवर अडीच. ताशी पाचाच्या खाली सायकलीचा तोल सावरणे अवघड जाते. त्यापेक्षा उतरून ढकललेली बरी.

पायावर येणारा जोरही पाहा. आपल्या साध्या, बिनगिअरच्या सायकलीत पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. वीसला एक चढावर तेवढ्यात ती २७ सेंटिमीटर वर जाते. घर्षण धरून काम सुमारे २३० ज्यूल. पॅडलचा दांडा १७ सेंटिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात पाय १०७ सेंटिमीटर फिरतो. जोर आला सरासरी २१५ न्यूटन, म्हणजे २२ किलो. पॅडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना जोर लावता येत नाही, त्यामुळे मधल्या टप्प्यात तो निदान दीडपट होतो : ३३ किलो. दहाला एक चढावर हाच आकडा ६० किलोच्या पुढे जातो. साठ किलोचा माणूस पॅडलवर उभा राहिला तरी त्याचे सगळे वजन पुरत नाही!

गिअरची सायकल हा जोर वाटून घेते, पण मूळ मुद्दा बदलत नाही. बैलासाठी आखलेला वीसला एकचा रस्ता सायकलस्वारालाही बसतो. कारण दोघांचेही इंजिन स्नायूंचे आहे.

मोकळा रस्ता कोठून आणायचा?

गाडीरस्ते पुढे मोटारींचे झाले. १९४८ मध्ये एस. टी. सुरू झाली, मग ट्रक वाढले, मग पर्यटकांच्या गाड्या. आंबा घाटातून जाणारा रत्नागिरी–कोल्हापूर रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग १६६ आहे. कोकणातल्या माणसाला कोल्हापूरच्या दवाखान्यात वेळेत पोहोचायचे असते, शेतमाल न्यायचा असतो. रुंद रस्त्याची गरज खोटी नाही. पण बैलाच्या मापाचा जो रस्ता होता, त्यावरून बैल, सायकल आणि पायी माणूस हे तिघेही बाजूला सारले गेले. रानातल्या प्राण्यांचेही तेच. पावसाळी रात्री घाटरस्त्यावर चिरडलेले बेडूक आणि साप ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना वेगळे सांगायला नको.

इतर देशांत यावर एक युक्ती निघाली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा हा सोडून दिलेला रेल्वेमार्ग १९६७ मध्ये सायकलींसाठी खुला केला. सुमारे ५० किलोमीटर लांब, वाटेत तीन बोगदे, मोटार एकही नाही. इंग्लंडात ब्रिस्टल ते बाथ या जुन्या रेल्वेमार्गावर १९७९ ते १९८६ या काळात असाच मार्ग झाला. रुळांसाठी राखलेला सौम्य चढ सायकलींना आयता मिळाला.

आपल्या घाटात रेल्वेच नव्हती, तेव्हा सोडून दिलेला रेल्वेमार्गही नाही. पण दुसऱ्या गोष्टी आहेत. महामार्ग सरळ करताना तुटून पडलेली जुनी वळणे आहेत. धरणांच्या कालव्यांच्या कडेचे रस्ते आहेत. आणि कोल्हापूरचे नाव लागलेले बंधारे आहेत. पावसाळ्यानंतर ज्यात बरगे घालून पाणी अडवतात, त्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवरून नदी ओलांडणारी अरुंद वाट ट्रकला चालत नाही, सायकलीला चालते. कसबा बावड्याचा राजाराम बंधारा हे त्याचे उदाहरण. नद्यांच्या काठाने, बंधाऱ्यांवरून आणि गावरस्त्यांनी शहराच्या कोलाहलाबाहेर पडता येते. पावसाळ्यात मात्र हे बंधारे पाण्याखाली जातात, तेव्हा त्यांच्याजवळही जाऊ नये.

रानातले रस्ते हा वेगळा विषय. १९५८ मध्ये दाजीपूरला गव्यांसाठी अभयारण्य घोषित झाले. १९८५ मध्ये ते वाढून ३५१ चौरस किलोमीटरांचे राधानगरी अभयारण्य झाले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश झाला. तिथे जायचे तर वन विभागाची परवानगी लागते आणि ती लागावीच. सायकल आवाज करत नाही, हा तिचा गुण. पण त्यामुळेच वळणावर गवा अचानक समोर येऊ शकतो. मोकळा रस्ता म्हणजे आपल्यासाठी मोकळा, एवढाच अर्थ घेऊन चालणार नाही. पंत अमात्यांच्या काळी रान राखले ते शत्रूला अडवण्यासाठी, आज ते राखायचे आहे ते त्यातल्या जिवांसाठी आणि पंचगंगेच्या पाण्यासाठी.

रस्ता मरतो तो वापराने नव्हे, पाण्याने. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जुन्या वळणावरची एक मोरी बुजली तर दोन-तीन पावसाळ्यांत भराव वाहून जातो. नवा रस्ता झाला की जुन्याकडे कोणी पाहत नाही. तिथे राडारोडा आणि कचरा येऊन पडतो. दीडशे वर्षांपूर्वी ज्यांनी तो चढ हाताने खोदून काढला, त्या मजुरांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. त्यांचे काम तेवढे अजून जागेवर आहे. मोऱ्या साफ ठेवणे आणि दोन्ही टोकांना मोटारींना अडवणारे दगड लावणे, एवढे केले तरी त्यातले काही सायकलींना आणि पायी जाणाऱ्यांना उपयोगी पडेल.

मोजून पाहा

शाळेच्या जवळ असा एखादा जुना रस्ता असेल तर त्याचा चढ मुलांकडून मोजून घ्यावा. दोन रीती सांगतो.

पहिली नकाशाची. सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर आणि समोच्च रेषांमधले अंतर २० मीटर असते. दोऱ्याने रस्त्याची लांबी मोजा. चार सेंटिमीटर लांबीत, म्हणजे दोन किलोमीटरांत, रस्ता एकूण १०० मीटर चढला असेल तर चढ वीसला एक.

दुसरी प्रत्यक्ष रस्त्यावरची. सायकलीच्या एका आरीला कापडाची चिंधी बांधा. २८ इंची चाकाचा एक फेरा सुमारे २.२ मीटरांचा. फेरे मोजले की अंतर मिळाले. उंचीसाठी गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि दोन मोजपट्ट्या पुरतात : नळीच्या दोन टोकांतले पाणी एकाच पातळीला येते, त्यावरून दर दहा मीटरांचा चढ नोंदवा. हे काम रहदारीच्या रस्त्यावर करू नये. मोबाईलवरही उंची दिसते, पण ती नळीने मोजलेल्या उंचीशी ताडून पाहावी. फरक का आला, यावर चांगली चर्चा होते.

आकडा पाचाला एकच्या जवळ आला तर ती वाट बहुधा बैलाच्या पाठीची. वीसच्या आसपास आला तर गाडीच्या चाकाची. मग गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे की या वाटेने पूर्वी काय जात असे. मुलांनी मोजलेले आकडे आणि ऐकलेल्या आठवणी आमच्याकडे जरूर पाठवा.

गगनबावड्याहून परतताना त्या मुलीने वहीत एक ओळ लिहिली होती : "घाट चढलो नाही, पण तो किती चढतो ते कळले." पुढच्या हिवाळ्यात अणुस्कुऱ्याच्या फरसबंदीवर नळी घेऊन जायचे ठरले आहे, पायी.